नेवाळीच्या भिंतीमागचे महायुद्ध

जून २०१७ मध्ये कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळी नाक्यापाशी टायर जळले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या आणि ठाणे जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले हे गाव दिवसभर बातम्यांत राहिले. नौदलाने आपल्या ताब्यातील जुन्या धावपट्टीच्या जमिनीभोवती भिंत घालायला घेतली होती. पेरणीचे दिवस होते. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, ही जमीन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने विमानतळासाठी घेतली, युद्ध संपल्यावर ती परत मिळायची होती, आणि युद्ध संपून सत्तर वर्षे उलटली तरी ती मिळालेली नाही. या दाव्याचा निकाल देण्याचे काम न्यायालयाचे आहे. मात्र पोलंड आणि पर्ल हार्बर येथे पेटलेल्या युद्धाला मलंगगडाच्या पायथ्याची भातखाचरे का लागली, हे समजून घ्यायचे तर १९१४ पर्यंत मागे जावे लागते.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली, हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. तो केवळ प्रसंग होता. युरोपात तोवर दोन गट उभे राहिले होते : एकीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली, तर दुसरीकडे फ्रान्स, रशिया आणि १९०७ पर्यंत त्यांच्या जवळ आलेले ब्रिटन. वसाहतींची स्पर्धा, युद्धनौकांची चढाओढ आणि बाल्कन प्रदेशातील धगधगता राष्ट्रवाद ही कारणेही खरी आहेत. तरीही माझ्या मते सर्वांत घातक ठरले ते सेनापतींनी आधीच आखून ठेवलेले रेल्वेचे वेळापत्रक. रशियाची लामबंदी, म्हणजे सैन्याची जमवाजमव, पूर्ण होण्याआधी बेल्जियममार्गे फ्रान्सला सुमारे सहा आठवड्यांत नमवायचे आणि मग फौजा पूर्वेकडे वळवायच्या, अशी जर्मनीची योजना होती. ती एका एका गाडीच्या हिशेबाने बांधलेली होती. एक लोकल खोळंबली की तिच्या मागच्या सगळ्या खोळंबतात, हे ठाणे-कल्याणच्या वाचकाला सांगायला नको. त्यामुळे एका देशाने सैन्य हलवायला सुरुवात करताच दुसऱ्याला थांबणे परवडेना, आणि वाटाघाटींना लागणारे चार दिवसही कुणाच्या हाती उरले नाहीत. बेल्जियमवर आक्रमण होताच ४ ऑगस्ट रोजी ब्रिटन युद्धात उतरले, आणि ब्रिटनबरोबर हिंदुस्थानही, हिंदुस्थानला न विचारताच.

त्या युद्धात तेरा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे चौऱ्याहत्तर हजार परतली नाहीत. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत येथे एप्रिल १९१६ मध्ये जी फौज उपासमारीने शरण गेली, ती पुणे डिव्हिजन होती आणि तीत मराठा पलटणीही होत्या. १९१८ मध्ये सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात उतरलेल्या इन्फ्लुएन्झाने देशात एक कोटीहून अधिक जीव घेतले. म्हणजे आघाडीवर मेलेल्यांपेक्षा घरात मेलेले कितीतरी पटींनी अधिक होते, आणि त्यांच्या नावाचा दगड कुठेही नाही.

दुसऱ्या युद्धाचे बी पहिल्याच्या तहात होते, हे विधान नेहमी केले जाते. ते निम्मेच खरे आहे. २८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या साथीदार देशांवर टाकली आणि १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला. अपमान खोल होता. परंतु १९२९ ची जागतिक मंदी आली नसती आणि १९३२ मध्ये जर्मनीत सुमारे साठ लाख लोक बेकार नसते, तर त्या अपमानावर निवडणुका लढवणाऱ्या हिटलरला जानेवारी १९३३ मध्ये सत्ता मिळाली असती असे वाटत नाही. पुढे ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवणे, ऑस्ट्रिया गिळणे, म्युनिकच्या कराराने चेकोस्लोव्हाकियाचा भाग घेणे अशा प्रत्येक पायरीवर त्याला अडवणे शक्य होते. ते झाले नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला झाला आणि ३ तारखेला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी, एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता, हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले.

आपल्या जिल्ह्याला युद्ध खऱ्या अर्थाने भिडले ते जपान युद्धात उतरल्यावर. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि मुंबई हे पश्चिम आशियाकडे जाणाऱ्या व तिकडून येणाऱ्या फौजांचे मोठे बंदर बनले. कल्याण जंक्शनातून एक मार्ग पुण्याकडे आणि एक नाशिककडे फुटतो, म्हणून सैन्याचा मोठा तळ कल्याणजवळ उभारला गेला. नेवाळीची धावपट्टी त्याच काळातली. भारत संरक्षण कायद्याने सरकारला लष्करी कामासाठी मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार दिला होता, आणि ज्याची खाचरे गेली त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

या युद्धाचा खर्च कसा भागवला गेला, ते नीट पाहण्यासारखे आहे. ब्रिटनसाठी इथे जो माल व जी सेवा घेतली जाई, तिचे पैसे लंडनच्या खात्यात पौंडांत जमा होत आणि त्यांच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा छापल्या जात. पौंड तिकडे अडकून राहिले, नोटा मात्र बाजारात आल्या. सहा वर्षांत चलन सुमारे सहापट झाले. कापड, धान्य, रॉकेल यांचे भाव कडाडले. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली आणि त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. आजही घराघरांत कागदपत्रांच्या पिशवीत जपून ठेवलेले रेशनकार्ड हे त्या टंचाईचे अपत्य आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजातील कापसाला लागलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचली आणि शेकडो माणसे गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशभरातील अग्निशमन केंद्रे हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळतात.

युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाले, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केले आणि सत्तांतर लांबवणे अशक्य झाले. त्या घाईच्या सत्तांतरासोबत फाळणी आली. सिंधमधून सर्वस्व सोडून निघालेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणच्या रिकाम्या लष्करी तळात ठेवण्यात आले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकींत कुटुंबेच्या कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसताना माणसे अजून ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असेच सांगतात.

उल्हासनगर आणि नेवाळी यांत अंतर काही किलोमीटरचेच आहे. तळाच्या जागेवर शहर वसले आणि तिथला प्रश्न पुनर्वसनाचा म्हणून हाताळला गेला. धावपट्टीच्या जागेवर मात्र कुणी निर्वासित आले नाहीत. ती एका सरकारी खात्याकडून दुसऱ्याकडे गेली, आणि ज्यांच्या आजोबांनी तिथे भात लावला होता ते सातबाऱ्यावरचे जुने उतारे घेऊन २०१७ च्या जूनमध्ये त्या भिंतीपाशी उभे राहिले.