धातूच्या मुखवट्यातून धातू कमी कसा होत गेला

साच्यातून नुकताच काढलेला मुखवटा अगदी निस्तेज दिसतो. रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक, ओतण्याआधी सिलिकॉनच्या साच्याला आतून ॲल्युमिनियमची पूड ब्रशने चोळलेली असते, तरी हातात येतो तो मळकट राखाडी चेहरा. मग कपाळावर स्टील वूलचे, म्हणजे पोलादी तारांच्या बारीक गुंत्याचे, दोन-चार हात फिरवले की वरची रेझिनची पापुद्र्याएवढी साय निघते, पुडीचे कण उघडे पडतात आणि राखाडीतून खरा धातू चमकू लागतो. हे कोल्ड कास्टिंग. यात भट्टी नाही की वितळलेला रस नाही. तंत्र नवे असले तरी त्यामागची गरज फार जुनी आहे: चेहरा धातूचा दिसावा, पण मानेवर धातूचे ओझे नको.

तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा दहा किलोंहून जड आहे. तो ममीसाठी होता. जिवंत माणसाला तो घालून वावरता आले नसते. इजिप्तमध्येच लिननच्या कापडाचे थर आणि गिलावा यांचे हलके मुखवटेही घडत आणि त्यांवर सोन्याचा वर्ख चढत असे. माझ्या मते आजच्या कॉस्च्युम मुखवट्याचे मूळ राजाच्या सोन्यात नाही, या वर्खात आहे. जर्मनीत कालक्रीझे येथे सापडलेला रोमन घोडदळाचा मुखवटाही लोखंडाचा होता आणि त्यावर चांदीचा पत्रा मढवलेला होता.

साच्याची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. माणसाच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा साचा घेऊन त्यात मेण ओतण्याचे श्रेय रोमन लेखक प्लिनीने इ.स.पू. चौथ्या शतकातल्या लिसिस्ट्रॅटस या ग्रीक शिल्पकाराला दिले आहे. 1400 च्या सुमारास इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनीने हीच कृती लिहून ठेवली, श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या घालायच्या या सूचनेसकट. व्हेनिसच्या कारागिरांनी मातीचा चेहरा, त्यावरून प्लास्टरचा साचा आणि साच्यात दाबलेले कागदाचे थर हा क्रम रूढ केला. माती, साचा, प्रत: आजही पायऱ्या याच आहेत.

1838 मध्ये मॉरिट्झ याकोबीने विजेच्या साहाय्याने साच्यावर तांबे चढवण्याची रीत जाहीर केली. तिचा सर्वांत हृद्य उपयोग पहिल्या महायुद्धात झाला. लंडनमध्ये फ्रान्सिस डरवेंट वूड आणि पॅरिसमध्ये ॲना कोलमन लॅड हे शिल्पकार चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी मुखवटे करत. जखम भरल्यावर चेहऱ्याचे प्लास्टर, त्यावर हरवलेले नाक किंवा जबडा कोरून काढायचा, मग त्या आकारावर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ तांबे चढवायचे. शेवटचा रंग मुखवटा चेहऱ्यावर असतानाच, शेजारच्या कातडीशी ताडून दिला जाई. तिथे धातू कातडीसारखा दिसायला हवा होता. आपण प्लास्टिकला धातूचे रूप देतो. हात मात्र तेच चालवावे लागतात.

1927 च्या ‘मेट्रोपोलिस’ चित्रपटातली यंत्रस्त्री पत्र्याची वाटते, पण वॉल्टर शुल्त्झे-मिटेनडॉर्फने ती अभिनेत्री ब्रिगिट हेल्मच्या शरीराच्या प्लास्टर-प्रतीवर, हवेत कडक होणाऱ्या लाकडी लगद्यातून घडवली आणि तिच्यावर चंदेरी भुकटी मिसळलेले लॅकर, म्हणजे चकचकीत रोगण, फवारले. 1938 मध्ये ‘द विझर्ड ऑफ ऑझ’च्या चित्रीकरणावेळी पत्र्याच्या माणसाची भूमिका करणारे बडी एब्सन ॲल्युमिनियमच्या पुडीच्या मेकअपमुळे रुग्णालयात गेले, त्यांच्या जागी आलेल्या नटाला मग कोरड्या पुडीऐवजी ॲल्युमिनियमचा ओला लेप लावला गेला. कोल्ड कास्टिंगची पूड हाताळताना रेस्पिरेटर काढू नये, तो याचसाठी.

पुढे सिलिकॉन रबर आले आणि साचा लवचीक झाला. हनुवटीखालची खोल खाच प्लास्टरच्या एकसंध साच्यात अडकायची, ती आता रबर वाकवून सुटते. मात्र सिलिकॉन मातीवरचा बोटाचा ठसासुद्धा जसाच्या तसा उचलते. मॅट रंगात तो ठसा खपून जातो. चकाकीत मात्र गालावरचा प्रकाश नेमका तिथेच मोडतो. त्यामुळे धातूचा मुखवटा करणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ आजही ओतण्यात जात नाही, माती गुळगुळीत करण्यात जातो.