लाखभर मैल पळालेली कॉर्व्हेट आणि ट्रॅक: पार्श्वभूमी

आपल्याकडे ‘मायलेज जास्त’ म्हटलं की लिटरमागे लांब पळणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘हाय मायलेज’ म्हणजे मीटरवर लाखभर मैल, आपले १,६०,००० किलोमीटर, पडलेली गाडी. शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या पाचव्या पिढीला, म्हणजे १९९७ ते २००४ च्या सी-५ ला, दोन्ही अर्थ लागू पडतात. इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८, तरी हायवेवर लिटरला १२ च्या आसपास देते, कारण सहाव्या गिअरला ते जवळजवळ पेंगत असतं. म्हणून लोकांनी ती नुसती झाकून न ठेवता रोज पळवली. आज रेसच्या ट्रॅकवर दिसणाऱ्या स्वस्त सी-५ त्यातूनच आल्या.

कॉर्व्हेट १९५३ पासूनची, ती कहाणी चाहत्यांना पाठ आहे. ट्रॅकवाल्यांसाठी खरं वळण १९९७ चं: गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी गेला आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं झालं. २००१ मध्ये सी-५ ची जास्त ताकदवान आवृत्ती झेड-०६ आली, ३८५ हॉर्सपॉवरची. पुढच्याच वर्षी ४०५, वजन जेमतेम १,४१५ किलो.

वाद आहे तो ऑइल चेंबरचा: दोष कंपनीचा की मालकाचा. इंजिन खाली बसवायचं म्हणून ऑइलचं चेंबर उथळ केलं आणि दोन्ही बाजूंना वटवाघळाच्या पंखांसारखं पसरवलं. रस्त्यावर काहीच बिघडत नाही. ट्रॅकवर मात्र चिकट टायर घालून लांबलचक वळण घेतलं की ऑइल एका पंखात जाऊन बसतं, पंपाची सक्शन नळी हवा ओढते, प्रेशरचा काटा खाली येतो. दोन-चार सेकंदांचाच खेळ, पण बेअरिंग जायला तेवढे पुरतात. त्याच काळात कंपनीच्या रेसकारमध्ये ड्राय संप होता, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत. ती २००१ ला डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी ले मान्समध्ये आपल्या गटात पहिली आली. विकायच्या झेड-०६ ला ड्राय संप मिळाला तो पुढच्या पिढीत, २००६ ला.

एक बाजू म्हणते, कंपनीच्या टायरवर एवढी पकड येतच नव्हती. रेसचे टायर घालणाऱ्याने स्वतः निस्तरावं. हे पटण्यासारखं आहे, पण पुरतं नाही. झेड-०६ विकली गेली तीच मुळी ट्रॅकच्या नावावर. मालकांनी आपले उपाय काढले: एक क्वार्ट (जवळपास लिटरभर) ऑइल जास्त, चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या, नाहीतर दाबाखाली ऑइल साठवणारी जादा टाकी. पळालेल्या इंजिनात बेअरिंग सैल झालेली असतात, गरम झाल्यावर प्रेशर आधीच कमी, म्हणून तिथे हे उपाय चैन राहत नाहीत.

बाकीची दुखणी वयाची. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क ट्यूबमधले रबरी कपलिंग फाटतात. गाडी न्यूट्रलला उभी असतानाही खडखड ऐकू येते. चाकांचे हब ट्रॅकवर लवकर आवाज करायला लागतात. क्लचच्या डबीतलं ऑइल काळं पडतं. दर एक-दोन सेशननंतर पिचकारीने उपसून नवं घालावं लागतं, नाहीतर वरच्या आरपीएमला पेडल खालीच चिकटतं.

आणि गेल्या काही वर्षांत एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोलर. २००१ पासूनच्या गाड्यांचा नवा मिळेनासा झाला, म्हणून ठोकलेल्या गाड्यांतून काढलेल्या जुन्यावर भागवतात. सी-५ बघायला गेलेला माणूस आता आधी डॅशवर एबीएसचा दिवा पेटलाय का ते बघतो, मैल नंतर.