संगणकात दडलेले आणि दुरून आलेले: कमांड लाइनवरील दोन प्रकारची अक्षरचित्रे

विंडोजमध्ये एक अख्खा चित्रपट लपवून ठेवलेला आहे, कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून एक ओळ टाइप केली की तो सुरू होतो, अशी माहिती गेली अनेक वर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात आली आहे. सांगितल्याप्रमाणे केल्यावर काळ्या खिडकीत खरोखरच टिंबे, रेघा आणि कंस यांनी रेखाटलेला ‘स्टार वॉर्स’ हलू लागतो, आणि त्यामुळे तो विंडोजमध्येच होता हा दावाही खरा मानला जातो. प्रत्यक्षात त्या चित्राचा एकही अंश आपल्या संगणकात नसतो. प्रोग्राममध्ये मुद्दाम दडवलेली गंमत, जिला ईस्टर एग म्हणतात, ती वेगळी आणि दूरच्या सर्व्हरने, म्हणजे मागेल त्याला माहिती पुरवणाऱ्या संगणकाने, आपल्या पडद्यावर पाठवलेले चित्र वेगळे. दोन्ही एकाच खिडकीत दिसतात आणि दोन्ही एका ओळीच्या आज्ञेने सुरू होतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

आधी ‘स्टार वॉर्स’चे पाहू. हे अक्षरचित्र न्यूझीलंडच्या सायमन जॅन्सन यांनी 1997 साली करायला घेतले आणि ते मुळात वेबपानावर पाहण्यासाठी होते. 1977 च्या मूळ चित्रपटातील प्रसंग त्यांनी हाताने, एकेक चौकट टाइप करून उभे केले. प्रत्येक चौकट 67 अक्षरे रुंद आणि 13 ओळी उंच, म्हणजे फार तर 871 अक्षरांची. चौकटीच्या आधीच्या ओळीत एक आकडा असतो आणि ती चौकट पडद्यावर किती काळ राहावी हे तो ठरवतो. या मापाचे चित्र 80 स्तंभ आणि 24 ओळींच्या जुन्या टर्मिनलवरही, म्हणजे केवळ मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावरही, सहज मावते. चित्रपटाची ही पूर्ण आवृत्ती नाही, त्यामुळे ‘अख्खा चित्रपट’ हे वर्णनही बरोबर नाही. तरीही ज्यांनी हे काम लक्ष देऊन पाहिले आहे त्यांना त्यामागची चिकाटी वेगळी सांगावी लागत नाही.

पुढे स्टेन स्पान्स यांनी हेच चित्र टेलनेटवरून दाखवण्याची सोय केली आणि ‘टॉवेल डॉट ब्लिंकनलाइट्स डॉट एनएल’ हा पत्ता प्रसिद्ध झाला. टेलनेट ही दूरच्या संगणकाशी मजकुराची देवाणघेवाण करण्याची जुनी पद्धत आहे. तिची सुरुवात 1969 ची, तर प्रमाणित रूप 1983 चे, आणि तिच्यासाठी 23 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकित दार, राखलेले आहे. आपण टेलनेट या शब्दापुढे तो पत्ता टाइप केला की आपला संगणक पलीकडच्या सर्व्हरशी जोडला जातो. सर्व्हर एक चौकट पाठवतो, ठरलेला वेळ थांबतो, कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात नेण्याची खूण पाठवतो आणि आधीच्या चौकटीवर पुढची चौकट लिहितो. 1978 च्या व्हीटी100 या टर्मिनलने लोकप्रिय केलेल्या अशा खुणा आजची टर्मिनलेही पाळतात. आपल्या बाजूचा प्रोग्राम मिळालेली अक्षरे पडद्यावर उतरवण्यापलीकडे काही करत नाही. आपण चित्र पाहतो आहोत की हवामानाचा अहवाल, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

येथे मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक तपशील सांगण्याजोगा आहे. हे सारे चित्र आस्की या इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांच्या प्रमाणित संचातील अक्षरांचे आहे. त्या संचात 128 स्थाने असून त्यांतील 95 छापता येणाऱ्या चिन्हांची आहेत. प्रत्येक चिन्ह एक सारख्या रुंदीचे घर व्यापते या गृहीतावरच चित्राच्या रेषा जुळतात. देवनागरीतील मात्रा आणि जोडाक्षरे या घरांच्या हिशेबात नीट बसत नाहीत, आणि अनेक टर्मिनलांवर देवनागरी मजकुराचे स्तंभ सरकतात त्याचे एक कारण हेच आहे. अशा चित्रासाठी आस्कीच सोयीची ठरते, कारण कोणत्याही देशातील कोणत्याही टर्मिनलवर ते तसेच्या तसे उमटते.

मग ते विंडोजमध्ये दडलेले आहे असे का वाटते? मला वाटते, याचे उत्तर टेलनेट सुरू करण्याच्या रीतीत आहे. विंडोज व्हिस्टापासून टेलनेट क्लायंट, म्हणजे आपल्या बाजूने जोडणी करणारा प्रोग्राम, आरंभी बंद असतो. कंट्रोल पॅनेलमधील वैशिष्ट्यांच्या यादीत जाऊन त्याच्यापुढे खूण करावी लागते. बंद असलेली एक गोष्ट चालू केली आणि लगेच चित्र दिसले, तर तीच लपवलेली होती असा निष्कर्ष कोणीही काढील. मॅकवर याच्या उलट घडले. 2017 च्या हाय सिएरा आवृत्तीत ॲपलने टेलनेटची आज्ञा काढून टाकली आणि जुन्या सूचनेनुसार टाइप करणाऱ्यांना आज्ञाच सापडेना, त्यामुळे चित्रच काढून टाकले असा समज होण्यास वाव मिळाला. मात्र त्याच मॅकवर नेटकॅट हा प्रोग्राम तोच पत्ता आणि 23 हे पोर्ट देऊन चालवला, तर पलीकडचा सर्व्हर चालू असेपर्यंत तेच चित्र दिसते. ते टेलनेट प्रोग्रामच्या पोटात नव्हते याला एवढा पुरावा पुरेसा आहे.

आता खऱ्या अर्थाने दडलेल्या गोष्टीकडे वळू. डेबियन लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी ॲप्टिट्यूड नावाचा प्रोग्राम आहे. त्याला ‘मू’ ही आज्ञा दिली तर तो म्हणतो की या प्रोग्राममध्ये कोणतेही ईस्टर एग नाही. तपशील वाढवण्याचा ‘व्ही’ हा पर्याय जोडून पुन्हा विचारले की तो तेच अधिक ठामपणे सांगतो, आणखी एक ‘व्ही’ जोडल्यावर कंटाळतो, आणि असे वाढवत गेल्यास शेवटी हार मानून एक लहानसे अक्षरचित्र काढतो. त्याच्याही पुढे गेल्यास ते चित्र सापाने गिळलेल्या हत्तीचे आहे असा खुलासा करतो. एपीटी या त्याच्याच कुळातील प्रोग्रामला हीच आज्ञा दिली की गाय दिसते. ही चित्रे हलत नाहीत, पण दडलेपणाच्या कसोटीला ती पूर्ण उतरतात, कारण लिहिणाऱ्यांनी ती प्रोग्रामच्या मूळ संहितेतच (सोर्स कोडमध्येच) ठेवलेली आहेत.

दोहोंतील फरक तपासायचा असेल तर नेटवर्कची जोडणी तोडून पाहावे. ॲप्टिट्यूडचा हत्ती तरीही येतो, टेलनेटचे चित्र येत नाही. याचे परिणाम दूरवर जातात. ईस्टर एग प्रोग्रामच्या प्रत्येक प्रतीबरोबर टिकून राहते, म्हणून एक्सेल 97 मध्ये लपवलेला विमान उडवण्याचा खेळ त्या आवृत्तीची जुनी सीडी चालते तोवर उघडता येतो. टेलनेटवरील चित्राचे आयुष्य मात्र सर्व्हर चालवणाऱ्याच्या इच्छेवर आणि खर्चावर अवलंबून असते. पत्ता प्रतिसाद देत नसेल, किंवा कार्यालयातील नेटवर्कने 23 क्रमांकाचे पोर्ट अडवले असेल, तर आपल्या संगणकात काही बिघडले आहे असे समजून विंडोज पुन्हा बसवण्याचे कारण नाही.

एक तिसरा प्रकारही या दोहोंत मिसळला जातो. तोयोदा मासाशी यांचा 1993 चा ‘एसएल’ हा प्रोग्राम टर्मिनलवरून आगगाडी धावत नेतो. फायलींची यादी मागणारी ‘एलएस’ ही आज्ञा उलट टाइप झाली की ती गाडी येते. हा प्रोग्राम आपण स्वतः बसवलेला असतो, त्यामुळे तो दडलेलाही नाही आणि दुरून आलेलाही नाही.

विश्वासाचा प्रश्नही दोन्हीकडे सारखा नाही. दडवलेल्या संहितेबाबत विचारायचे ते हे की विकलेल्या वस्तूत न सांगितलेले काही असावे का. 2002 साली मायक्रोसॉफ्टने विश्वासार्हतेला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर तिच्या उत्पादनांत अशा गमतींना जागा उरली नाही. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण ग्राहकाला स्वतः संहिता वाचून खात्री करून घेता येत नाही. डेबियनमध्ये ती कोणालाही वाचता येते, म्हणून तेथील गाय कोणाला खटकत नाही. टेलनेटबाबत काळजी वेगळी आहे. त्यावरून जाणारा मजकूर सांकेतिक रूपात बदललेला नसतो, वाटेत कोणीही तो वाचू शकतो. चित्र पाहताना आपण पासवर्ड देत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरता धोका कमी असतो, परंतु तेथे काहीही खासगी टाइप करू नये. विंडोजच्या काही जुन्या आवृत्त्यांत त्याच यादीत टेलनेट सर्व्हर असाही पर्याय असतो. त्याला हात लावू नये, कारण तो बाहेरच्यांना आपल्या संगणकात येण्याची वाट उघडतो. क्लायंट पुरेसा आहे. पाहून झाल्यावर कंट्रोलची कळ आणि उजवा चौकोनी कंस एकत्र दाबून ‘क्विट’ लिहिले की जोडणी सुटते, आणि क्लायंटही त्याच यादीतून पुन्हा बंद करता येतो.