पूर्व मुक्त मार्ग (मुंबई)

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत दक्षिणोत्तर जाणारा प्रवेशनियंत्रित (म्हणजे ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा) रस्ता. लांबी सुमारे १६.८ किमी. दक्षिणेला तो पी. डिमेलो मार्गावर ऑरेंज गेट या बंदराच्या प्रवेशद्वाराजवळ सुरू होतो आणि उत्तरेला घाटकोपर येथे पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) तो बांधला. वाटेत सिग्नल नाही, टोलनाका नाही. कागदोपत्री नाव काहीही असो, बोलताना सगळे ‘फ्रीवे’च म्हणतात.

या रस्त्याची कल्पना रस्त्यापेक्षा निम्म्या शतकाने जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि बेटाच्या दोन्ही किनाऱ्यांनी मुक्त मार्ग बांधण्याची शिफारस केली. शहर उत्तरेकडे वाढत होते, कचेऱ्या मात्र फोर्टातच होत्या, आणि सगळा भार मधल्या अरुंद पट्ट्यावर पडत होता. पश्चिमेच्या मार्गाचे तुकडे पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९) आणि सागरी किनारा मार्ग या रूपांत आले. पूर्वेचा मार्ग बराच काळ नकाशावरच राहिला.

पूर्व किनारा तेव्हा शहराचा नव्हता, बंदराचा होता. १८७३ मध्ये बंदर विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्यानंतर प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि आजची इंदिरा गोदी (१९१४) झाल्या, आणि ऑरेंज गेटपासून वडाळ्यापर्यंतची जमीन गोदामे, वखारी आणि बंदराच्या स्वतःच्या रेल्वेने व्यापली. मार्गाच्या दक्षिण टोकाच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते प्लॅसिड डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी होते. त्याआधी तो फ्रिअर रोड होता. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, कंटेनरची वाहतूक खाडीपलीकडे गेली आणि मुंबई बंदराच्या जमिनीवरचा ताण उतरला. पूर्वेला फारशी घरे न पाडता खांब उभे करता आले, त्याचे खरे कारण ही रिकामी होत गेलेली जमीन आहे.

बांधकामाचे तीन भाग पडतात. पी. डिमेलो मार्ग ते चेंबूरजवळचे आणिक हा सुमारे ९ किमीचा, खांबांवरचा उन्नत मार्ग मुख्यतः बंदराच्या जमिनीवरून जातो. त्यापुढचा आणिक-पांजरापोळ जोडरस्ता बहुतांशी जमिनीवर आहे आणि भाभा अणुसंशोधन केंद्रालगतच्या टेकडीतून सुमारे अर्धा किमी लांबीच्या जुळ्या बोगद्यांतून पार होतो. शेवटचा पांजरापोळ-घाटकोपर तुकडा शीव-ट्रॉम्बे रस्ता आणि हार्बर रेल्वे ओलांडून गोवंडीच्या दाट वस्तीत शिरतो. सर्वांत छोटा असूनही अडला तो हाच, कारण इथे बंदराची मोकळी जमीन नव्हती, माणसे राहत होती. पहिले दोन भाग जून २०१३ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते खुले झाले; उरलेल्यासाठी जून २०१४ उजाडला. खर्चाचा काही भार जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने उचलला.

उन्नत भागावरून जाताना मुंबईची एरवी न दिसणारी पाठ दिसते. रे रोडजवळ दारूखान्यात जहाजे तोडून काढलेल्या लोखंडी पत्र्यांच्या राशी, कॉटन ग्रीनला गोदामांची उतरती छपरे, शिवडीला खाजणाचा चिखल आणि हिवाळ्यात त्यावर उतरणारे रोहित पक्षी, वडाळ्यापुढे मिठागरे आणि माहुलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या. गाडीच्या काचा खाली असतील तर चेंबूर जवळ आल्याचे नाकालाही कळते. पुलाच्या सांध्यांवरून जाताना चाकांची धडधड ठरावीक तालात येत राहते आणि ती थांबली की आणिक आले असे समजावे.

फरक पडला तो मोठा. पूर्वी चेंबूरहून फोर्टात जायचे म्हणजे शीव, दादर, परळ, लालबाग असा डॉ. आंबेडकर मार्गावरचा एकेक चौक झेलत जाणे, आणि त्यात सहज तास जाई. फ्रीवेवरून रस्ता मोकळा असेल तर हेच अंतर २० ते २५ मिनिटांत संपते. पुणे आणि नवी मुंबईकडच्या गाड्या पांजरापोळला, तर ठाणे-नाशिककडच्या घाटकोपरला चढू-उतरू लागल्या. कोंडी मात्र नाहीशी झाली नाही, ती टोकांना जाऊन बसली. सकाळी दक्षिणेकडे येणाऱ्या गाड्या ऑरेंज गेटच्या उतारावर एकदम पी. डिमेलो मार्गाच्या तोंडाशी येतात आणि रांग मागे पुलावर चढते. उत्तरेला घाटकोपरच्या टोकाशी छेडानगर परिसराची तीच गत होती. तिथे सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता हेही येऊन मिळतात, त्यामुळे एमएमआरडीएला वेगळे उड्डाणपूल बांधावे लागले. उन्नत भागावर प्रत्येक दिशेला दोनच मार्गिका आहेत. मधे एखादी गाडी बंद पडली की मागच्यांना कुठे उतरायची सोय नाही.

दुचाकी, रिक्षा, बैलगाड्या आणि पादचाऱ्यांना मार्गावर बंदी आहे. प्रवेशाशी तसे फलक आहेत, तरी मोबाइलवरचा नकाशा पाहत आलेले मोटारसायकलस्वार वर चढतात आणि दुसऱ्या टोकाला वाहतूक पोलिसांच्या पावतीपुस्तकाला भेटतात. वेगवान पुलावर दुचाकीला मनाई करण्यामागे सुरक्षेचे कारण आहे आणि ते पटण्याजोगे आहे. पण सार्वजनिक पैशातून झालेला हा रस्ता वापरतो कोण, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्या शहरात बहुसंख्य लोक लोकलने आणि बसने कामावर जातात, तिथे फ्रीवे मुख्यतः मोटारवाल्यांना पावला. त्याच्या बाजूने, काही ठिकाणी तर नजरेच्या टप्प्यात, हार्बरची लोकल डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी करीत त्याहून कितीतरी जास्त माणसे वाहून नेत असते.

अलीकडे या मार्गाचे काम बदलले आहे. बांधताना तो गर्दी टाळणारा आडरस्ता होता. आता नवे प्रकल्प त्यालाच कणा धरून आखले जातात. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किमीचा शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू शिवडीला फ्रीवेशी जोडलेला आहे. सेतूवर मोटारीला एका फेरीचा २५० रुपये टोल आहे. तो भरून खाडी ओलांडलेली गाडी दक्षिण मुंबईकडे वळते ती याच फुकट रस्त्यावरून आणि पुढे त्याच ऑरेंज गेटच्या उतारावर.

हा उतार मोकळा करण्यासाठी ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह असा जुळा भूमिगत मार्ग हाती घेण्यात आला आहे. जोडरस्ते धरून त्याची लांबी सुमारे ९ किमी आहे, आणि तो दाट वस्तीच्या व रेल्वेमार्गांच्या खालून जाऊन फ्रीवेला पश्चिमेच्या सागरी किनारा मार्गाशी जोडेल. उत्तरेला छेडानगरपासून ठाण्यातील आनंदनगरपर्यंत उन्नत विस्तार आखलेला आहे. त्यासाठी पूर्व द्रुतगती महामार्गाकाठची झाडे तोडण्याचा प्रस्ताव येताच विक्रोळी परिसरातील गुलाबी फुलांच्या टॅबेबुया झाडांवरून नागरिकांनी आवाज उठवला. याच विस्ताराच्या वाटेत घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगर येतात. तेथील हजारो झोपड्यांचे पुनर्वसन एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण संयुक्तपणे करीत आहेत.