साखळीतला कुत्रा आणि कायद्यातला ‘मुद्देमाल’

कुत्र्यांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच रस्त्यावर जाते. नसबंदी, चावे, रेबीज, खाऊ घालणारे आणि त्यांच्याशी भांडणारे सोसायटीवाले. गोठ्याच्या खुंटाला, फार्महाऊसच्या गेटला किंवा गच्चीवरच्या पिंजऱ्यात वर्षानुवर्षं बांधलेल्या कुत्र्याचं नाव त्यात येतच नाही. त्याला मालक आहे, आणि सगळा पेच तिथूनच सुरू होतो. तो सोडवायला गेलेल्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. जून १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहर बंद पडलं. कुत्र्यामागे बक्षीस ठरल्यामुळे घरातले, अंगणातलेही कुत्रे मारले जात असल्याची तक्रार होती. पारशांच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ म्हणजे मृतदेहाला कुत्र्याचं दर्शन घडवण्याचा विधी आहे, त्यामुळे दुखावणं खोलवरचं होतं. दोनच वर्षांनी भुलेश्वरचा पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचा निवारा, उभा राहिला. १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश रोखण्यासाठी संस्था निघाली आणि पुढच्या दशकात एका दानशूर कुटुंबाच्या मदतीने परळला जनावरांचा दवाखाना झाला. १८९० मध्ये देशभरासाठी कायदा आला, पण त्याची नजर रस्त्यावर आणि लोकांचा वावर असलेल्या जागेवर होती. चाबकाखालचा घोडा आणि जास्त ओझं लादलेला बैल तिथे दिसत होता. वाड्याच्या मागच्या अंगणात काय चाललंय, हे त्या कायद्याच्या नजरेपलीकडे राहिलं.

आज आपण वापरतो तो प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. राज्यसभेच्या एका सदस्य, ज्या नृत्यांगना म्हणून देशाला माहीत होत्या, त्यांनी खासगी विधेयक आणलं. सरकारने स्वतः कायदा करण्याचं आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि त्यातून हा कायदा झाला. त्याचं कलम ११ एकदा तरी सावकाश वाचावं असं आहे. मारणं, छळणं, अपुरं खाणंपिणं, आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणं, भुकेने, तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणं, हे सगळे गुन्हे. शिवाय एका पोटकलमात खास कुत्र्याचं नाव आहे: सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. पासष्ट वर्षांपूर्वी कुणीतरी हे इतकं नेमकं लिहून ठेवलं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला कमाल ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर कमाल १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडाच्या रकमेवर सगळे बोलतात. माझ्या मते खरी गाठ दुसरीकडे आहे, आणि ती फारशी कुणी सोडवत बसत नाही. या कायद्यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. दखलपात्र आहेत ते मोजके: क्रूर पद्धतीने मारून टाकणं किंवा अवयव तोडणं, झुंजी भरवणं आणि असे एकदोन. म्हणजे कुत्रा मेला तर पोलीस आपणहून हात घालू शकतात. उपासाने मरायला टेकला असेल तर ठाण्यात ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून मिळते आणि पुढच्या तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यात कलम ३६ ची मुदत: गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला भरला नाही तर तो भरताच येत नाही. शिक्षा झाली तरी कुत्रा मालकाकडून कायमचा काढून घ्यायला वेगळा आदेश हवा, आणि त्यासाठी आधीची शिक्षा, मालकाची वर्तणूक किंवा जनावराला मिळालेली वागणूक यांच्या पुराव्याने पुन्हा छळ होण्याची शक्यता दाखवावी लागते. दरम्यान जनावराला दवाखान्यात ठेवण्याची सोय कलम ३५ मध्ये आहे, पण त्याची भाषा वाचा: जनावर ‘नेहमीचं काम करण्याजोगं’ किंवा एरवी सोडण्याजोगं होईपर्यंत उपचार, नाहीतर पांजरपोळ. बैल आणि घोडा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे कलम आहे. कुत्र्याचं नेहमीचं काम कोणतं, हे कुठे लिहिलेलं नाही.

दंडसंहितेतही तेच. ४२८ आणि ४२९ ही कलमं जनावराच्या किमतीवर चालत: १० रुपयांपासून पुढे एक शिक्षा, ५० रुपयांपासून पुढे दुसरी. गावठी कुत्र्याची किंमत किती, हा प्रश्न ठाण्यात खरोखर विचारला जाई. दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट गेली आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आली. हे चांगलंच झालं. पण तिथेही शब्द आहेत ठार मारणं, विष देणं, अपंग करणं, निकामी करणं. साखळी आणि रिकामी ताटली त्यात सहजी बसत नाही.

आता ‘मुद्देमाल’. खटल्यात जप्त झालेला कुत्रा पंचनाम्यावर याच शब्दाखाली येतो, चोरीची मोटरसायकल येते तसाच. मे २०१७ मध्ये अशा जनावरांच्या देखभालीचे नियम आले. त्यानुसार खटला चालू असताना जनावर दवाखान्यात किंवा पांजरपोळात ठेवता येतं, खर्च आरोपी आणि मालकावर, आणि त्यांनी तीन दिवसांत बंधपत्र दिलं नाही तर जनावर त्यांच्या हातून जातं. कुत्र्यांसाठी काम करणाऱ्यांना इतकं उपयोगी हत्यार त्याआधी मिळालं नव्हतं. पण त्याच महिन्यात गुरांच्या बाजाराचे नियमही आले, सगळं वादळ त्यांच्यावर उठलं, आणि हे नियम कित्येक ठाण्यांपर्यंत पोचलेच नाहीत. मी स्वतः त्यांची प्रत छापून ठाण्यात नेली आहे. अंमलदारांनी ती शांतपणे वाचली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की हे पहिल्यांदाच बघतोय.

याची दुसरी बाजू जास्त बोचते. दंडसंहितेत चोरीचं कलम समजावताना १८६० मध्येच कुत्र्याचं उदाहरण दिलेलं आहे: खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावलं, तर कुत्रा चालू लागताच चोरी झाली. नव्या संहितेतही ते तसंच आहे. म्हणजे छळ होतोय म्हणून कुणी रात्रीतून साखळी सोडून कुत्रा नेला, तर त्याच्यावर चोरीचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि कुत्र्याची किंमत पाच हजार रुपये किंवा त्याहून जास्त धरली गेली तर तो दखलपात्र. कायद्याने कुत्रा आधी मालकीची वस्तू म्हणून ओळखला. त्याच्या गळ्यातली साखळी दिसायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

म्हणूनच ज्याला आपण सरसकट ‘रेस्क्यू’ म्हणतो, ते प्रत्यक्षात बहुतेक वेळा एका साध्या कागदावर उभं असतं. ‘मी माझा कुत्रा स्वखुशीने देत आहे, यापुढे माझा हक्क नाही.’ खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. बोलीत याला ‘सरेंडर लिहून घेणं’ म्हणतात. कुत्रा मालकीची वस्तू आहे म्हणूनच तो असा देता येतो. वर्षानुवर्षं आड आलेली गोष्ट इथे कामी येते.

मिरजेच्या बाजूला एका वस्तीवरचा टिप्या मला आठवतो. पिल्लू असताना घातलेली नायलॉनची दोरी कुणी बदललीच नव्हती. मान वाढली, दोरी तेवढीच राहिली आणि कातडीत रुतली. वरून केसांमुळे दिसत नव्हतं, वासाने कळलं. कात्रीचं टोक आत घालायला जागा नव्हती. डॉक्टरांनी भूल देऊन दोरी धाग्याधाग्याने कापली, खाली अळ्या झाल्या होत्या. मालक एकटे राहणारे म्हातारे काका, मुलगा परगावी, गुडघे गेलेले. ते क्रूर नव्हते. त्यांना खाली बसून कुत्र्याच्या मानेला हात लावणंच जमत नव्हतं. वीजबिलाच्या मागे त्यांनी लिहून दिलं, आत गेले, टिप्याची जर्मनची ताटली घेऊन आले आणि म्हणाले, ‘ह्यातच खातो तो.’

अशा प्रकरणात ५० रुपयांचा दंड कुणाला करायचा? आणि जिथे खरोखर क्रौर्य असतं, पैदाशीसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्या असतात, तिथे मालक सही करत नाही. मग हातात उरते ती एनसी. मला हे दोन्ही एका मापाने मोजणं मान्य नाही, आणि १९६० चा कायदा नेमकं तेच करतो.

२०१४ मध्ये बैलांच्या शर्यती आणि जल्लीकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भूक, तहान, वेदना, भीती यांपासून मुक्ततेसह पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला आणि शिक्षा वाढवण्याकडे संसदेचं लक्ष वेधलं. २०२० च्या टाळेबंदीत कोरोनाच्या अफवांपायी घरची कुत्री रस्त्यावर सोडली गेली, तेव्हा ‘सोडून देणं’ हा गुन्हा आहे हे अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला. पाच स्वातंत्र्यं, अतिक्रूरतेला कैद, गुन्हे दखलपात्र, सगळं त्यात होतं. तो मसुदाच राहिला. पुढे मार्च २०२३ चे नसबंदीचे नियम आले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला आणि अकरा दिवसांत मोठ्या पीठाने तो बदलला. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, स्थानकांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा आदेश आला. देशाचं लक्ष पुन्हा रस्त्यावर गेलं.

गावोगावचे कार्यकर्ते मधल्या काळात आपला कागद सुधारत राहिले. आता त्यावर कुत्र्याचं वर्णन असतं, मानेचा, पायांचा फोटो चिकटवलेला असतो, डॉक्टरांची त्याच दिवशीची नोंद असते आणि मालक वाचून सही करतोय असा व्हिडिओ काढलेला असतो. नंतर कुणी ‘जबरदस्तीने नेला’ म्हणालं तर दाखवायला. टिप्याच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. वीजबिल तेवढं होतं, आणि ते अजून जपून ठेवलेलं आहे.