आपत्कालीन विभागातील नवागत परिचारिका : उमेदवारी आणि मनुष्यबळ

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, म्हणजे लोक ज्याला कॅज्युअल्टी म्हणतात आणि पाटीवर ‘अपघात विभाग’ लिहिलेले असते तिथे, नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला स्वतंत्रपणे रुग्ण सोपवण्याआधी काही काळ देखरेखीखाली शिकवले जाते. या उमेदवारीला ओरिएंटेशन किंवा इंडक्शन म्हणतात. एका पाळीवर किती परिचारिका असाव्यात, हा मनुष्यबळाचा विषय. रुग्णालयाच्या कारभारात दोन्ही विषय वेगवेगळ्या टेबलांवर असतात : शिकवणे ट्यूटर सिस्टरांकडे, ड्यूटीचा तक्ता मेट्रनच्या कार्यालयात. कॅज्युअल्टीत मात्र दोन्हींची गाठ एकाच प्रश्नापाशी पडते. नवी परिचारिका पाळीच्या संख्येत धरायची की नाही? धरली तर पहिल्याच गर्दीत तिचे शिकणे थांबते. न धरली तर पगार दोघींचा जातो आणि काम एकीचेच होते. उमेदवारी खरी आहे की कागदावरची, हे बहुधा या एका निर्णयावरून कळते.

वेगळी उमेदवारी कशासाठी

वॉर्डात रुग्ण निदानासह येतो. केस पेपर, औषधांचा तक्ता, डॉक्टरांच्या सूचना तयार असतात. कॅज्युअल्टीत तो नुसती तक्रार घेऊन येतो, कधी बेशुद्ध असल्याने तीही नसते. एकाच पाळीत बाळाचा ताप, म्हाताऱ्या माणसाचा पक्षाघात, दुचाकीवरून पडलेला तरुण आणि विष घेतलेली बाई असे सगळे समोर येतात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात या विभागातली प्रत्यक्ष ड्यूटी थोड्याच आठवड्यांची असते आणि विद्यार्थिनीवर निर्णयाची जबाबदारी नसते.

नवशिकी परिचारिका हळूहळू जाणकार कशी होते, याची पाच पायऱ्यांची मांडणी अमेरिकेतील परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये केली. एकाच प्रकारच्या विभागात साधारण दोन-तीन वर्षे काढल्यावर माणूस तिसऱ्या पायरीवर, म्हणजे स्वतःच्या कामाची आखणी करण्याइतपत सक्षम होतो, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी १९७४ मध्ये मार्लीन क्रेमर यांनी शिकलेले आणि प्रत्यक्षातले यांच्यातल्या तफावतीने नव्या परिचारिकांना बसणाऱ्या धक्क्याचा अभ्यास मांडला होता. सुरुवातीचे अप्रूप ओसरल्यावर हा धक्का बसतो. बारा-पंधरा आठवड्यांच्या उमेदवारीने कुणी जाणकार होत नाही. ती एवढेच साधते, की परिचारिकेला आपण कुठे अडलो ते ओळखता यावे आणि तेव्हा हाक मारायला संकोच वाटू नये.

आपत्कालीन परिचर्या ही स्वतंत्र शाखा मानली जाऊ लागली ती १९७० च्या सुमारास. त्या वर्षी अमेरिकेत अनिता डॉर आणि ज्युडिथ केलेहर यांच्या पुढाकाराने या विभागातल्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आजची इमर्जन्सी नर्सेस असोसिएशन ती हीच. तातडीची औषधे आणि साधने एका चाकांच्या गाड्यावर ठरलेल्या जागी ठेवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांतही डॉर यांचे नाव घेतले जाते. जगभरच्या कॅज्युअल्टीत नव्या परिचारिकेचा पहिला धडा आजही त्याच क्रॅश कार्टवर होतो.

उमेदवारीचा क्रम

पाळी सुरू होताच क्रॅश कार्ट तपासायचे. सील शाबूत आहे का, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) चाचणीला उतरतो का, लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहण्याच्या साधनाचा) दिवा लागतो का, अ‍ॅम्ब्यु बॅगला (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीला) सर्व मापांचे मास्क आहेत का, सक्शन ओढते का, ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये दाब किती. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते नवीनांच्या गळ्यात पडते, पण त्यातून वस्तूंच्या जागा हातांना पाठ होतात. अ‍ॅड्रेनलिन कुठल्या खणात आहे हे रुग्णाचे हृदय थांबल्यावर विचारायची वेळ येऊ नये.

त्यानंतर एका अनुभवी परिचारिकेबरोबर जोडी लावली जाते. तिला प्रिसेप्टर म्हणतात. चांगल्या व्यवस्थेत दोघींच्या पाळ्या सारख्याच लागतात, म्हणजे शिकवणारी रोज बदलत नाही. आधी किरकोळ जखमा व ड्रेसिंग, मग निरीक्षणाखालचे रुग्ण, मग अतिगंभीर रुग्णांची खोली असा चढता क्रम असतो. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांसाठी अमेरिकेतील रुग्णालये साधारण तीन ते सहा महिने देतात. दुसऱ्या विभागात मुरलेल्या परिचारिकेला काही आठवडे पुरतात. अर्थात आठवडे मोजणे हा व्यवस्थापनाच्या सोयीचा मार्ग झाला. काय-काय करून दाखवले याची यादी आणि त्यापुढे प्रिसेप्टरची सही हे माप जास्त विश्वासाचे, अर्थात सह्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा झाल्या नसतील तर.

ट्रायज, म्हणजे दारातच रुग्ण पाहून कोण आधी आणि कोण थांबू शकेल हे ठरवणे, या क्रमात सर्वांत शेवटी यायला हवे. बाहेरून पाहणाऱ्याला ते सोपे वाटते, कारण तिथे सुई-सलाईन काही नसते. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली पाच स्तरांची पद्धत असो की आपल्याकडची लाल, पिवळी, हिरवी वर्गवारी, तक्ता तासाभरात पाठ होतो. नजर होत नाही. मधुमेह असलेली साठीची बाई ‘छातीत दुखतं’ म्हणेलच असे नाही. ती म्हणते, जीव घाबरतोय, दरदरून घाम आला, अंगात त्राण नाही. तिला बाकावर बसवायचे की थेट ईसीजीला न्यायचे, हा निर्णय मिनिटाभरात घ्यावा लागतो. माणसे कमी पडली की मात्र नेमकी नवी मुलगीच दारातल्या टेबलावर बसवली जाते, कारण आत तिचा ‘उपयोग’ कमी.

कॅलिफोर्नियाचा दाखला

संख्या आणि शिक्षण एकाच कायद्यात बांधल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी १९९९ मध्ये त्या कायद्यावर सही केली आणि परिचारिका व रुग्ण यांचे ठरवलेले प्रमाण १ जानेवारी २००४ पासून लागू झाले. आपत्कालीन विभागात एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त ४ रुग्ण, त्यांतले अतिदक्षतेच्या दर्जाचे असतील तर २, आणि गंभीर अपघातग्रस्त असेल तर १. विभागात एकही रुग्ण असला तरी किमान दोन परिचारिका हजर हव्यात. ट्रायजला नेमलेली नोंदणीकृत परिचारिका या प्रमाणात मोजायची नाही. ही शेवटची तरतूद नसती, तर दारातली परिचारिका हिशेबात धरून आतले प्रमाण कागदावर जमवता आले असते.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा आकड्यांच्या मानाने कमी होते. त्या विभागाचे पुरेसे ओरिएंटेशन झाल्याशिवाय आणि तिथले काम सक्षमपणे येते हे दाखवून दिल्याशिवाय कोणाही नोंदणीकृत परिचारिकेला त्या विभागात नेमता येत नाही. वॉर्डात आज रुग्ण कमी आहेत म्हणून तिथली सिस्टर उचलून कॅज्युअल्टीत उभी करणे हा सर्व देशांतला जुना उपाय. या कलमाने तो बेकायदा ठरतो. नुसता आकडा ठरवला असता तर रुग्णालयांनी तो कोणाच्याही नावाने भरला असता.

कायदा टिकवणेही सोपे गेले नाही. नियमात ‘सदासर्वकाळ’ असा शब्दप्रयोग आहे. परिचारिका जेवायला गेली त्या अर्ध्या तासात तिचे रुग्ण कोणाच्या हिशेबात, यावर रुग्णालयांची संघटना न्यायालयात गेली आणि २००४ मध्ये हरली. तेव्हापासून जेवणाच्या सुटीत रुग्ण सांभाळणारी जादा परिचारिका नेमणे तिथे भाग पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर अरनॉल्ड श्वार्झनेगर यांच्या प्रशासनाने तातडीचा आदेश काढून वॉर्डांतले पुढचे प्रमाण लांबणीवर टाकले आणि आपत्कालीन विभागाचे नियम सैल केले. परिचारिकांच्या संघटनेने दाद मागितली व मार्च २००५ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला.

प्रमाणाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा पुरावा २००२ मधल्या अमेरिकन परिचर्या-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा. पेन्सिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांत प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. मात्र ते रुग्ण शस्त्रक्रियेचे होते, कॅज्युअल्टीतले नव्हते. वॉर्डात खाटा मोजून संख्या ठरवता येते. इथे रुग्ण तासातासाला बदलतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१५ च्या कायद्यात दर ३ खाटांमागे १ परिचारिका, शिवाय प्रभारी व ट्रायजच्या परिचारिका वेगळ्या, असे खाटांचे गणित ठेवले. इंग्लंडमध्ये निकष ठरवण्याचे काम सुरू झाले आणि २०१५ मध्ये मध्येच थांबवले गेले.

या नियमांतही नवागत परिचारिकेपाशी एक फट उरते. प्रिसेप्टरला चार रुग्ण चालतात. सोबत नवी मुलगी आहे म्हणून दोघींत सहा दिले, तर आकड्यांत सगळे ठीक दिसते, कारण दोघीही नोंदणीकृत. प्रिसेप्टरच्या वाट्याला मात्र सहा रुग्ण आणि एक विद्यार्थिनी येते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात असा कायदा नाही, निकष आहेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलेल्या निकषांत साध्या वॉर्डाला ६ रुग्णांमागे १ परिचारिका आणि अतिदक्षता विभागात रुग्णामागे १ असे प्रमाण आहे. मुख्य कॅज्युअल्टीसाठी मात्र दिवसाच्या रुग्णसंख्येवर हिशेब : १०० रुग्णांपर्यंत २४ तासांना ३, म्हणजे पाळीला १, आणि पुढे दर ३५ रुग्णांमागे आणखी १. हा हिशेब रुग्ण येऊन तपासून निघून जातो असे धरतो. प्रत्यक्षात वर खाट रिकामी नसल्याने दाखल झालेला रुग्ण तासन्‌तास, कधी रात्रभर, कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवरच असतो. त्याची औषधे, सलाईन, लघवीचे माप हे सगळे काम वॉर्डाचे, पण करणारी कॅज्युअल्टीची. पाळीला एकच परिचारिका असेल तिथे प्रिसेप्टर कोण होणार, हा प्रश्नच उद्भवत नाही.

शिवाय ‘इमर्जन्सी मेडिसिन’ हा वैद्यकातला वेगळा विषय म्हणून देशात मान्य झाला तोच २००९ मध्ये. भारतीय परिचर्या परिषदेची आपत्कालीन व आपत्ती परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे, पण कॅज्युअल्टीत नेमणुकीसाठी ती अट नसते. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, रुजू झाली की अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, कार्यालयातून विभाग मिळतो आणि पुढे शिकवण्याचा भार विभागाच्या परिसेविकेवर, म्हणजे सिस्टर इनचार्जवर, येतो. मोठ्या खाजगी रुग्णालयांत मानांकनाच्या अटींमुळे लेखी कार्यक्रम, बीएलएसचे (प्राथमिक जीवरक्षणाचे) प्रमाणपत्र, कौशल्यांची तपासयादी अशी घडी असते. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या परिचारिका बऱ्याच. त्यांच्या ओरिएंटेशनमध्ये कामापुरते मराठीही असावे लागते. घेरी येणे, मुंग्या येणे, कळ मारणे आणि उसण भरणे यांतला फरक कळला नाही तर ट्रायज चुकतो.

परदेशी धर्तीचा कार्यक्रम जसाच्या तसा आणला, तर इथला अर्धा विषय बाहेर राहतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशांची लक्षणे वेगळी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंशाची खूण अनेकदा दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात आणि श्वास बंद पडू लागतो. पोटदुखी म्हणून त्याला मागे ठेवले तर प्राणाशी गाठ. घोणस-फुरशाच्या दंशात रक्त गोठते का हे पाहण्यासाठी दोन मिलीलीटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर निष्कर्ष चुकतो. हे कुणीतरी हातात नळी देऊन सांगावे लागते. कोकणात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा वापर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुजवला; घाम, उलटी आणि थंड पडलेले हातपाय ही चिन्हे तिथल्या परिचारिकेला पहिल्या आठवड्यातच ओळखता यायला हवीत. विदर्भ-मराठवाड्यात कीटकनाशकांची विषबाधा नित्याची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा रुग्णाचे कपडे उतरवून अंग धुणे, ते करताना स्वतः हातमोजे घालणे, अ‍ॅट्रोपिन हे विषावरचे औषध चालू असताना तोंडातला स्राव, नाडी आणि छातीतली घरघर पुन्हा पुन्हा पाहणे ही कामे परिचारिकेचीच.

दुसरा खास इथला भाग मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या प्रकरणांचा, ज्याला सगळे ‘एमएलसी’ म्हणतात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले, की उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. तरी सोपस्कार असतातच : पोलिसांना कळवल्याची नोंद, जखमीचे कपडे जपून ठेवणे, कापताना वाराचे किंवा गोळीचे भोक टाळून कापणे, पोट धुतल्यावर नमुना सीलबंद करणे. यातल्या चुका त्या रात्री लक्षात येत नाहीत. वर्षांनी न्यायालयात उभे राहिल्यावर येतात.

नातेवाइकांचा जमाव हाही उमेदवारीचा विषय. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नव्या परिचारिकेला मात्र त्याहून उपयोगी पडते ते हे, की वाईट बातमी एकटीने दारात उभे राहून सांगायची नाही, सुरक्षारक्षकाला हाक कशी मारायची आणि रुग्णाच्या खोलीत उभे राहताना दाराची वाट मोकळी ठेवायची.

मनुष्यबळाच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसत नाही : पाळीवर किती आहेत ते कळते, त्यांतल्या किती नवीन आहेत ते नाही. सरकारी रुग्णालयात बदल्यांनी आणि खाजगीत परदेशी नोकऱ्यांनी अनुभवी परिचारिका जातात आणि जागी पुन्हा नवीन येते. संख्या तीच राहते. म्हणून काही विभागप्रमुख रात्रपाळीचा तक्ता लावताना नावांसमोर अनुभवाची वर्षेही लिहितात आणि दोन नवीन एकत्र येणार नाहीत असे पाहतात.