पापणी पडण्याची आनुवंशिक कारणे

वरची पापणी लेव्हेटर नावाचा स्नायू उचलून धरतो. हा स्नायू, त्याची चेता किंवा दोहोंमधला सांधा यांपैकी कशातही जनुकीय दोष असला, की पापणी बुबुळावर उतरते. वैद्यकात याला टोसिस म्हणतात. दोष नेमका कुठला, याचा पहिला सुगावा बहुधा वयावरून लागतो.

जन्मजात टोसिसमध्ये लेव्हेटर नीट घडलेलाच नसतो. बहुतेकदा हा टोसिस एकाच डोळ्यात असतो आणि घरात इतर कोणाला नसतो. फॉक्सएल२ जनुकातील उत्परिवर्तनात मात्र दोन्ही डोळ्यांच्या फटी अरुंद असतात आणि खालच्या पापणीपासून नाकाच्या कडेने त्वचेची घडी वर चढते. या विकाराच्या एका प्रकारात अंडाशयांचे कार्य अकाली थांबते. त्यामुळे मुलीची तपासणी डोळ्यांपुरती ठेवून भागत नाही.

उतारवयातला सर्वांत बोलका नमुना म्हणजे ऑक्युलोफॅरिंजियल मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे पापण्या आणि घसा यांचे स्नायू दुबळे करणारा विकार. पीएबीपीएन१ या जनुकात एरवी १० वेळा येणारा डीएनएचा तीन अक्षरी क्रम इथे ११ ते १८ वेळा येतो. दोष एवढाच, पण चाळिशी-पन्नाशीपर्यंत त्याचा मागमूस नसतो. मग दोन्ही पापण्या हळूहळू उतरतात. माणूस कपाळाला आठ्या घालून, हनुवटी वर करून पाहू लागतो आणि घरचे ते म्हातारपणाच्या खाती टाकतात. पुढे घास घशात अडकू लागतो. ८० मिलिलिटर बर्फगार पाणी प्यायला ७ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर गिळण्यात दोष आहे असे धरतात. आजी-आजोबांचे जुने फोटो मागवणे हीदेखील निदानाची रीतच आहे. पालकांपैकी एकाला विकार असला, तरी प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या दुसऱ्या आनुवंशिक स्नायुविकारात, ज्यातही पापण्या पडतात, अशा क्रमाची पुनरावृत्ती पिढीगणिक वाढत जाते. इथे ती सहसा तेवढीच राहते. क्यूबेकमधील फ्रेंच-कॅनेडियन लोकांत आणि इस्राएलमधील बुखारी ज्यूंत हा विकार विशेष आढळतो. जनुकाचा शोध १९९८ मध्ये लागला.

मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, आईकडूनच मिळणाऱ्या घटकांच्या) डीएनएचा तुकडा गळाला, तर पापणीबरोबर डोळ्यांची हालचालही मंदावते. हा दोष जनुकीय खरा, पण बहुधा आईकडून आलेला नसतो. जन्मजात मायस्थेनियात, म्हणजे चेता आणि स्नायू यांच्या सांध्यातल्या दोषात, पापणी थकव्याने अधिक उतरते.

बाहुली झाकली जात असल्यास बाळाची शस्त्रक्रिया लांबवत नाहीत, नाहीतर तो डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट घडत नाही. लेव्हेटर अगदीच दुबळा असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. झोपेत डोळा पूर्ण मिटत नसल्याने पुढे मलम घालावे लागते.